एकशे आठव्या पानावर कापलेलं पुस्तक

मी फार थोडी पुस्तकं अर्धवट सोडली आहेत. जमीन महसुलाचे कायदे, त्यांवरची परिपत्रकं, मिक्सरसोबत येणारी माहितीपुस्तिका, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आहे. मागच्या वर्षी मात्र एक रहस्यकथा मी सत्त्याण्णवाव्या पानावर मिटली आणि पुरी केली नाही. तिच्याबद्दल कोणी माझं मत विचारलं तर मी सांगते, कागद बरा होता.

ती टीव्हीवरच्या एका मालिकेवरून काढलेली कादंबरी होती. मालिका तीन वर्षं चालली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, संध्याकाळी आठ वाजता. त्यात एक निवृत्त इन्स्पेक्टर होता. तो पुण्यात एकटा राहायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि पोलिसांना न सुटलेले खून दिवाणखान्यात बसून सोडवायचा. मालिका थोर होती असं मी म्हणणार नाही. प्रत्येक संशयिताच्या तोंडावर कॅमेरा तीन तीन वेळा जायचा, मागे काहीतरी धाडधाड वाजायचं आणि लगेच जाहिराती लागायच्या. पण इन्स्पेक्टरचं काम करणारा नट चांगला होता. त्याला गप्प बसता यायचं, आणि ते फार थोड्या नटांना जमतं.

आम्हा नवरा-बायकोला ती मालिका आवडायची हेही तितकंसं खरं नाही. आम्हाला तिच्यावरून भांडायला आवडायचं. जाहिराती लागल्या की तो टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि आमचं सुरू व्हायचं. तो म्हणायचा माळी, मी म्हणायचे भाची. तो म्हणायचा, भाची त्या दिवशी नाशिकला होती. मी म्हणायचे, तिकीट दाखवलं म्हणजे माणूस गेलाच असं नसतं. मी महसूल खात्यात तहसीलदार आहे, खोटे दाखले रोज बघते. बहुतेक वेळा माझंच बरोबर यायचं आणि मग तो शनिवारी जेवताना थोडा फुरंगटून बसायचा.

आमच्या घरात तेवढंच बोलणं उरलं होतं. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली होती. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळतो. कुठली बस कुठून किती वाजता सुटेल, कुठे अडकेल, किती उशिरा पोचेल, हे त्याचं काम. सकाळी सहाला जातो, संध्याकाळी परत येतो तेव्हा ड्रायव्हरांशी फोनवर बोलून बोलून त्याचा घसा बसलेला असतो. मग आमच्यात दूध आलं का, लिफ्ट चालू झाली का, एवढंच. मालिका संपली तेव्हा पहिल्या गुरुवारी आठ वाजता आम्ही दोघं सवयीने सोफ्यावर येऊन बसलो. समोर स्वयंपाकाची स्पर्धा चालू होती. पंधरा मिनिटं बघितली आणि काही न बोलता उठलो. त्या संध्याकाळी मला भीती वाटली. आता हे असंच राहणार, पुढची वीस वर्षं, असं स्पष्ट दिसलं.

ही शांतता फक्त थकव्याची नव्हती. तिच्यामागे एक जुनी गोष्ट होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही दोघं पेठेतल्या एका अभ्यासिकेत भेटलो. दोघंही सरकारी परीक्षेची तयारी करत होतो. मी लोणी काळभोरहून आले होते. घरून दोन वर्षांची मुदत मिळाली होती, तेवढ्यात पास झाले नाही तर परत गावी. तेव्हा त्या भागातली सगळी मुलं एक युक्ती करायची. जाडजूड गाईड विकत घ्यायचं, ब्लेडने मधोमध कापायचं, दोन्ही भागांना खाकी पुठ्ठा लावायचा आणि दोघांनी एकेक भाग घ्यायचा. पंधरा दिवसांनी अदलाबदल. पहिल्याने वाचताना पेन्सिलीने महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करायच्या, म्हणजे दुसऱ्याला तेवढंच वाचून भागतं. मी नेहमी पहिला भाग घ्यायचे, तो दुसरा. त्याच्या रेघा पट्टी लावून मारलेल्या असायच्या. समासात बारीक अक्षरात कारणं लिहिलेली असायची. माझ्या रेघा म्हणजे घाईघाईत फिरवलेली पेन्सिल. मी माझ्यापुरतं वाचायचे आणि भाग त्याच्याकडे सरकवायचे. मला परत गावी जायचं नव्हतं, दुसऱ्याचा विचार करायला वेळ नव्हता.

दुसऱ्या प्रयत्नात मी पास झाले. तो नापास झाला आणि त्याचे गुण गेले ते नेमके माझ्या भागातल्या विषयांत. निकालाच्या दिवशी मी त्याची गुणपत्रिका बघितली आणि काय झालं ते मला कळलं. त्याने मला नीट शिकवलं होतं, मी त्याला शिकवलं नव्हतं. त्यानंतर त्याने परीक्षा दिली नाही. आम्ही लग्न केलं. तो बसगाड्यांच्या कामाला लागला आणि तिथेच राहिला.

मी हे चोवीस वर्षं बाळगलं. बढती झाली तरी पेढे आणायला मला संकोच वाटायचा. तो माझ्या ऑफिसातल्या समारंभांना आला नाही तर मी कधी विचारलं नाही. आणि सासूबाई होत्या. त्या आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायच्या, "माझ्या पोराच्या पाठीवर पाय देऊन ही साहेब झाली." मला ऐकू जाईल अशा बेताने सांगायच्या. नणंद समोर असली तर मान डोलवायची. मी चहाचा ट्रे ठेवायचे आणि आत जायचे. उलट काय बोलणार होते? मला ते खरं वाटत होतं. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, पण ते वाक्य घरात राहिलं, आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून चालत राहिलो.

तर मालिका संपून दोन महिने झाले आणि एका शनिवारी तो पुस्तक प्रदर्शनातून ही कादंबरी घेऊन आला. मुखपृष्ठावर त्या नटाचा फोटो. लेखक म्हणून चक्क त्या इन्स्पेक्टरचंच नाव. म्हणजे जो माणूस जन्माला आलेला नाही त्याने लिहिलेलं पुस्तक. वर लाल पट्टीत छापलेलं, टीव्हीवर न दाखवलेलं प्रकरण. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. टीव्हीवर काय काय दाखवतात ते मी बघते. जे तिथेही दाखवलं नाही ते कसं असेल?

पण मला आनंद झाला होता, हे कबूल करते. वाटलं, आता बोलायला काहीतरी मिळालं. तो म्हणाला, दोघांनी एकदम वाचायला हवं, नाहीतर एक जण पुढे जातो. मग तो उठला, स्टेशनरीच्या ड्रॉवरमधून कटर काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. दोनशे सोळा पानांचं पुस्तक त्याने एकशे आठव्या पानावर कापलं, दोन्ही भागांना डिंकाने पुठ्ठे लावले आणि उन्हात ठेवले. मी पहिला भाग घेतला, त्याने दुसरा. पंधरा दिवसांनी अदलाबदल, तोवर एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरलं.

रहस्यकथेचा शेवटचा अर्धा भाग एका माणसाने आधी वाचायचा, यात काही चुकतंय हे जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. आमच्या आलं नाही. आम्ही दोन पदवीधर माणसं, त्यातली एक राजपत्रित अधिकारी, आणि आम्ही खुनाचं गाईड केलं. दुसऱ्या दिवशी दाढी करता करता तो म्हणाला की त्याच्या पहिल्याच पानावर कोणीतरी कोणाला तरी माफ करतंय. मी म्हणाले, बोलायचं नाही ठरलंय. झालं. ज्या पुस्तकाने बोलायला लावायचं, त्याच्यामुळे होतं तेही बोलणं पंधरा दिवस बंद झालं.

आता पुस्तकाबद्दल. पहिल्या पानावर इन्स्पेक्टर खिडकीशी उभा राहून गूढपणे हसतो. तिसऱ्या पानावर परत हसतो. पाचव्यावर फोन येतो आणि तो हसतो. मी पेन्सिल घेऊनच बसले होते, जुनी सवय. अधोरेखित करण्यासारखं काही सापडेना, तेव्हा मी त्याची हसणी मोजायला लागले. सत्त्याण्णव पानांत तो एकतीस वेळा गूढपणे हसला. मालिकेत तो नट तीन वर्षांत चार वेळा हसला असेल. ज्याने हे लिहिलं त्याने मालिका बघितली नव्हती, किंवा बघताना जाहिरातींपुरताच जागा राहिला होता.

पुण्यातही तो कधी आलेला नसावा. त्याच्या पुण्यात सगळीकडे गुलमोहर आहेत आणि सगळे एकमेकांना नमस्कार करतात. मी इथे सव्वीस वर्षं राहते. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला शेवटचा नमस्कार केला तेव्हा त्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता. एका हॉटेलातला वेटर गिऱ्हाईकाला म्हणतो, अजून काही हवं असल्यास नि:संकोच सांगा. हे वाक्य पुण्यातल्या हॉटेलात कोणी ऐकलं असेल तर मला पत्ता द्यावा, मी जाऊन येईन. प्रत्येक प्रकरणात एका विशिष्ट मसाल्याचा चहा होतो आणि तो पिऊन माणसांना जुन्या गोष्टी आठवतात. त्या मसाल्याची जाहिरात मालिकेच्या मध्ये लागायची. एका बाईच्या डोळ्यांत वेगळीच चमक आहे, तिच्या दिराच्याही डोळ्यांत वेगळीच चमक आहे. वॉचमनच्या डोळ्यांत नव्हती, तर तो बाविसाव्या पानावर मेला.

एवढं सगळं मी सहन केलं. रोज आठ-दहा पानं, ऑफिसातून आल्यावर, कपडे बदलायच्या आधी. मनात म्हणायचे, वाईट असलं तरी चालेल. आठवडाभर दोघं मिळून शिव्या घालू. शिव्या घालायला तरी तोंड उघडेल. समोर खुर्चीत तो दुसरा भाग धरून बसलेला असायचा, चष्मा कपाळावर, पानं उलटायचा. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. मला वाटायचं, हा एवढ्या शांतपणे वाचतोय तर पुढे काहीतरी चांगलं असेल.

सत्त्याण्णवाव्या पानावर दुसरं प्रेत सापडतं. लग्न होऊन वर्ष झालेली मुलगी. लेखकाने ते कसं लिहिलं होतं ते मी शब्दशः देत नाही, माझी इच्छा नाही. मुलगी झोपल्यासारखी दिसते, केस पसरलेत, हिरवा चुडा चमकतोय, ओठांवर हसू आहे. इन्स्पेक्टर तिच्या बांगड्या हाताने मोजतो आणि त्यालाही हसू येतं.

मी अशा मुली बघितल्या आहेत. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत मुलगी संशयास्पद रीतीने गेली की पंचनाम्याला कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आमच्यापैकी कोणीतरी लागतं. चार वर्षांपूर्वी, तालुक्याच्या ठिकाणी असताना, एका दुपारी मला बोलावणं आलं. मुलगी बावीस वर्षांची होती. ती झोपल्यासारखी दिसत नव्हती. तिची आई दाराबाहेर उभी होती आणि मी बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाई, नीट लिवा हां." मी नीट लिहिलं. प्रत्येक खूण, तिची जागा, तिचं माप. दोन पानं पुन्हा लिहिली. मी घरी आले. नवऱ्याने काही विचारलं नाही. ताट वाढलं, शेजारी बसला आणि टीव्ही लावला. त्या आठवड्यात ती मालिका नवीन सुरू झाली होती. तिच्यातले खून खोटे आहेत हे लांबून कळायचं, म्हणून मला ते बघवले. आमचं मालिका बघणं तसं सुरू झालं होतं.

तर त्या पानावर मी पुस्तक मिटलं. चिडून मिटलं आणि चिडण्यात मला काही चूक वाटत नाही. वाईट लिहिणं हा गुन्हा नाही. पण त्या मुलीच्या ओठांवर हसू ठेवायची काय गरज होती? ज्याला प्रेत म्हणजे काय माहीत नाही त्याने दुसरा एखादा धंदा करावा. मसाला विकावा, तो तसाही विकतच होता. उरलेली अकरा पानं मी वाचलीसुद्धा नाहीत. शेवटपर्यंत पेन्सिलीच्या चार-दोन रेघा ओढून ठेवल्या, वाचल्यासारख्या.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने विचारलं, झालं का. मी म्हणाले, झालं. तुझं? तो म्हणाला, माझंही. आम्ही भाग बदलले. बोलायचं दुपारी जेवल्यावर, असं ठरलं, कारण तोवर एकमेकांचा भाग चाळून व्हायला हवा होता. त्याने माझा भाग टेबलावर ठेवला आणि मटार सोलायला घेतले.

मी त्याचा भाग उघडला. एकशे नऊ ते एकशे अठरा, रेघा होत्या. पट्टी लावून मारलेल्या, तशाच, चोवीस वर्षांपूर्वीसारख्या. समासात एका ठिकाणी बारीक अक्षरात 'का?' असं लिहिलेलं. एकशे अठरानंतर एकही रेघ नव्हती. मला वाटलं, रंगला असेल वाचण्यात. मग एकशे एकतिसाव्या पानावर आले. तिथे दिराची सुटका होते, कारण संध्याकाळी सहा वाजता त्याला स्वारगेटला बघितलेलं असतं आणि सव्वासहाला तो हिंजवडीत ऑफिसात सही करतो. एवढ्या वेळात मधे थांबून खून करणं शक्य नाही, असं इन्स्पेक्टर म्हणतो.

संध्याकाळी सहा वाजता स्वारगेटहून हिंजवडीला पंधरा मिनिटांत. खून न करता जायला दीड तास लागतो. माझा नवरा वीस वर्षं याच रस्त्यावर गाड्या सोडतो. त्याच्या बसगाड्या रोज संध्याकाळी त्या रस्त्यावर अडकतात आणि तो रोज त्यावरून कोणाशी तरी भांडतो. हे वाक्य वाचून तो गप्प बसला असेल, हे शक्य नव्हतं. बोलायचं नाही असं ठरलेलं असलं तरी त्याने किमान पुस्तक भिंतीवर फेकलं असतं. मालिकेत तीन वर्षं खुनी ओळखले, त्यापेक्षा हे सोपं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "तू हे वाचलेलं नाहीस."

त्याने नाकारलं नाही. म्हणाला, दहा पानं वाचली, मग कंटाळा आला, नंतर नुसता धरून बसायचो. मग झालं म्हणून का सांगितलंस, असं मी विचारलं, तर म्हणाला, तू झालं म्हणालीस म्हणून. मग मीही सांगून टाकलं की मी सत्त्याण्णवाव्या पानावर सोडलं. आम्ही दोघं हसलो. मटाराच्या टरफलांच्या ढिगासमोर उभं राहून, खूप दिवसांनी. मला इतकं बरं वाटलं की पुस्तकावरचा राग अर्धा गेला. आणि त्या हसण्यात तो सैलावला. दाणे ताटात सारत, सहज म्हणाला, "तेव्हाही मी असंच करायचो की."

तेव्हा म्हणजे केव्हा, मी विचारलं.

त्याचे हात थांबले. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं असावं. मी खुर्ची ओढून समोर बसले. साक्षीदार गप्प झाला की मी ऑफिसात जशी बसते तशीच बसले, हे मला माहीत आहे, आणि त्यालाही कळलं. मग त्याने सांगितलं. अभ्यासिकेत तो त्याचा भाग वाचायचा, कारण मला रेघा लागायच्या. माझा भाग त्याने कधी उघडलाच नाही. एकाही पुस्तकाचा नाही. अदलाबदल झाली की समोर धरून बसायचा आणि पानं उलटायचा. त्याला अधिकारी व्हायचंच नव्हतं. पहिल्या प्रयत्नाआधीच कळलं होतं की हे आपलं काम नाही. परीक्षेला बसायचं म्हणून बसला, अर्धा अभ्यास करून, आणि अर्ध्या विषयांत पडला.

म्हणजे माझ्या वेड्यावाकड्या रेघांचा काही संबंधच नव्हता. मी त्याला नापास केलं नव्हतं. चोवीस वर्षं मी ज्याच्यासाठी मान खाली घातली ते झालंच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला त्या ताटातले मटार त्याच्या अंगावर फेकावेसे वाटले.

"आई मला तसं बोलायच्या तेव्हा तू तिथेच बसलेला असायचास," मी म्हणाले.

"असायचो."

"एकदाही सांगितलं नाहीस."

तो टरफलं गोळा करायला लागला. म्हणाला, आईला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं. मला कळलं असतं तर काय झालं असतं, असं मी विचारलं. त्याने टरफलं पिशवीत भरली. मग म्हणाला, "मला पुढे काही व्हायचं नाही, असं मी तेव्हा सांगितलं असतं, तर तू माझ्याशी लग्न केलं असतंस का?"

मी खरं बोलायचं ठरवलं. आठवून बघितलं, ती मी कशी होते ते. लोणीहून पहाटेच्या बसने, दोन वर्षांची मुदत घेऊन आलेली, सोबत्याच्या रेघा वापरणारी.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणून," तो म्हणाला.

हे उत्तर मला समजतं. आजही समजतं. पण नंतर वर्षं गेली की. मुलगी झाली, घर झालं, लग्न मोडायची भीती कधीच संपली होती. तरी तो गप्प राहिला, कारण तोवर गप्प राहणं सोयीचं झालं होतं. माझ्या पायांमुळे मागे राहिलेला नवरा होणं हे अर्ध्यात सोडलेला नवरा होण्यापेक्षा बरं दिसतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, हो, तसंही असेल.

सासूबाई तर गेल्या. त्यांना आता काही सांगता येत नव्हतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हातारी बाई मनात खोटं घेऊन गेली, तेही माझ्याबद्दल. पण नणंद होती. तिने गेल्या गणपतीतसुद्धा तिच्या जावेला माझी ओळख करून देताना ते वाक्य थोडं बदलून म्हटलं होतं. मी त्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, तिला सांग, आत्ता, माझ्यासमोर. मला वाटलं तो टाळेल. त्याने हात पुसले आणि फोन लावला. मी स्पीकर चालू केला.

त्याने नीट सांगितलं. काही गाळलं नाही. आपण अर्धाच अभ्यास केला होता, वहिनीची काही चूक नव्हती, आई जे बोलायची ते खरं नव्हतं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला.

"अरे दादा, हे मला माहीत आहे," नणंद म्हणाली. "तू नापास झालास त्याच रात्री आईला सांगितलं होतंस ना, मी शेजारीच होते. लोक विचारायचे पोराचं काय झालं, मग आईला काहीतरी सांगायला लागायचं. ती तरी काय करणार?" मग तिने आवाज खाली आणला. "वहिनी घरात नाही ना आत्ता?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी फोन उचलून तोंडाजवळ घेतला.

"आहे," मी म्हणाले.